गाडी सरळ पळते, मग टायर का खाते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बलेनो, साडेचार वर्षं जुनी. पुढचे दोन्ही टायर २२ हजार किमीतच आतल्या कडेला तारा दिसेपर्यंत झिजले, बाहेरची नक्षी मात्र चांगली शाबूत. गाडी कुठल्या बाजूला ओढत नाही, स्टेअरिंग थरथरत नाही, फक्त सरळ रस्त्यावर ते किंचित उजवीकडे झुकलेलं असतं. मध्यंतरी खड्ड्यात आदळल्यामुळे डावीकडचा लोअर आर्म (चाकाला खालून धरून ठेवणारा दांडा) बदलला होता. सर्व्हिस सेंटर म्हणतं दर ५ हजार किमीला अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करा. मित्र म्हणतो, पैसे काढायचे धंदे आहेत, गाडी सरळ चालते तोवर हात लावू नका. ऐकायचं कुणाचं?

मित्राचं अजिबात ऐकू नका आणि सर्व्हिस सेंटरचं अर्धंच ऐका. साताऱ्यात हायवेलगत मी अलाइनमेंटचंच काम करतो. पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, महाबळेश्वर-पाचगणीच्या घाटातल्या गाड्या, कोकणातून कुंभार्ली चढून आलेल्या गाड्या, सगळ्या रॅम्पवर येतात. तुमच्यासारखं ‘गाडी तर सरळ जाते हो’ हे वाक्य त्यांच्यातले निम्मे मालक तरी म्हणतात.

गाडी सरळ जाणं आणि चाकं सरळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या गाडीत नेमकं काय झालं असावं ते आधी सांगतो.

अलाइनमेंटमध्ये तीन कोन मुख्य. वरून पाहिलं तर दोन चाकं एकमेकांना समांतर आहेत की पुढून जवळ किंवा लांब, तो टो. पायांचे चवडे आत वळवून चालावं तसं असेल तर टो-इन, बाहेर फाकवून असेल तर टो-आउट. समोरून पाहिलं तर चाक उभं आहे की वरून आत किंवा बाहेर कललंय, तो कॅम्बर. आणि बाजूने पाहिल्यावर चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष मागे किती झुकलाय, तो कॅस्टर. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं ते मुख्यतः कॅस्टरमुळे. कॅस्टर सहसा टायर खात नाही. कॅम्बर खातो, पण सावकाश. टायर खरा खातो तो टो.

किती खातो ते आकड्यात बघा. १५ इंची रिमच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर यांत फक्त ३ मिमी फरक आहे असं धरा. म्हणजे प्रत्येक चाक पाव अंशापेक्षाही कमी वाकडं. डोळ्याला दिसणार नाही. पण गाडी एक किलोमीटर पुढे जाते तेव्हा ते चाक जवळजवळ ४ मीटर आडवं घासत जातं. दहा हजार किमीत ४० किमी आडवी घसट. रबर कुठे गेलं हे मग वेगळं विचारायला नको.

आता तुमचा लोअर आर्म. त्याच्या टोकाला बॉल जॉइंट असतो आणि चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग, त्यावर फिरतो. नवा आर्म बसवताना तो जॉइंट मिलिमीटरभर जरी इकडेतिकडे सरकला, तरी टाय रॉड (चाक वळवणारी स्टेअरिंगची दांडी) आहे तिथेच असतो, त्यामुळे चाक वळतं आणि रिमपाशी टो दोन-तीन मिलिमीटरने बदलू शकतो. तुमच्याकडे डावं चाक बाहेर फाकलं असणार. पण रस्त्यावर गाडी चालली की पुढची दोन चाकं ती चूक आपसात निम्मी-निम्मी वाटून घेतात, कारण दोन्ही एकाच रॅकला, म्हणजे स्टेअरिंगने डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दांड्याला, जोडलेली आहेत. डावं थोडं डावीकडे, उजवं तेवढंच उजवीकडे. ओढ दोन्हीकडे सारखी, म्हणून गाडी सरळ. आणि उजवं चाक उजवीकडे वळलं म्हणून स्टेअरिंगही उजवीकडे झुकलेलं. नुकसान एका बाजूला झालं, टायर दोन्ही गेले. गाडीने तुम्हाला एकच खूण दिली होती, ते वाकडं स्टेअरिंग, आणि त्याची तुमच्या हाताला आठवड्याभरात सवय झाली. लोअर आर्म, टाय रॉड एंड, रॅक एंड, शॉकअप यातलं काहीही बदललं की त्याच दिवशी अलाइनमेंट करायलाच हवी. ज्याने आर्म बदलला त्याने हे सांगायला पाहिजे होतं.

आतली कड झिजणं जास्त धोक्याचं आहे, कारण ती दिसत नाही. गाडी उभी असताना आपण बाहेरची नक्षी बघतो आणि समाधान मानतो. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटून होणाऱ्या अपघातांची बरीच चर्चा झाली, परिवहन विभागाने तिथे टायर तपासायलाही सुरुवात केली. १२० च्या वेगाने, मे महिन्यात, तापलेल्या काँक्रीटवर आतली तार उघडी पडलेला टायर पळवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगत नाही. हवा कमी असेल तर आणखी वाईट. नक्षीच्या खोबणीत आडवी छोटी उंचवटी असते, ती १.६ मिमीची खूण. रबर तिच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पण ही खूण बघताना स्टेअरिंग पूर्ण वळवून आतली बाजूही बघा, निदान मोबाइलचा कॅमेरा आत घालून एक फोटो काढा.

टायरवर तळहात फिरवायची सवय लावून घ्या. यंत्राच्या आधी मी तेच करतो. नक्षीच्या ठोकळ्यांवरून हात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं टोचत असेल तर टो बिघडलाय, आणि हे टायर उघडउघड झिजलेला दिसण्याच्या कितीतरी आधी कळतं. एकच खांदा, म्हणजे नक्षीची एक कड, सपाट झिजला असेल, टोचत नसेल, तर कॅम्बरचा संशय. दोन्ही खांदे झिजले आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी ठेवताय. मध्यच झिजला तर जास्त. ठिकठिकाणी वाट्या पडल्यासारखे खड्डे लागले तर शॉकअप गेले असतील किंवा बॅलन्सिंग नसेल. तिथे अलाइनमेंटला दोष देऊ नका.

पाचगणीची रोज पसरणी घाट उतरणारी गाडी असेल तर मात्र हिशेब जरा वेगळा. तीव्र वळणांवर पुढच्या टायरचे बाहेरचे खांदे झिजतातच, अलाइनमेंट अगदी कागदावर असतं तसं असलं तरी. अशा मालकांना मी सांगतो की अलाइनमेंट ठीक आहे, टायर फिरवत राहा, म्हणजे पुढचे मागे, मागचे पुढे. त्यांना ते कमी वाटतं. ‘काहीतरी करा ना’ म्हणतात. काही करण्यासारखं नसताना करणारे लोक या धंद्यात पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे मग ते जातात.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग यांत लोक कायम घोळ करतात. ८०-१०० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरलं तर ते बहुतेक वेळा बॅलन्सिंगचं काम, म्हणजे रिमवर शिसं लावून चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. टायर रिमवरून उतरवला की ते परत करावं लागतं. अलाइनमेंटचा त्याच्याशी संबंध नाही. साधं पंक्चर काढलं म्हणून अलाइनमेंटही लागत नाही, कुणी लावत असेल तर नको म्हणा.

गाडी ओढते तेव्हाही लगेच पाना उचलू नये. आपण डावीकडून चालतो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे हात सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकणं स्वाभाविक आहे. रस्त्याच्या मधोमध, रिकाम्या जागी चालवून बघा. तिथेही ओढत असेल तर आधी हवा तपासा. मग पुढच्या दोन चाकांची अदलाबदल करा (नक्षीला दिशेचा बाण असेल तर ही चाचणी करता येत नाही). ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरच्या घडणीतच आहे, अलाइनमेंट दहा वेळा केलं तरी फरक पडणार नाही. चालवून आल्यावर एका बाजूची रिम दुसरीपेक्षा जास्त गरम लागली तर ब्रेक अडकतोय. हे सगळं नसेल तर कॅम्बर किंवा कॅस्टरमध्ये डाव्या-उजव्याचा फरक असतो. निव्वळ पुढचा टो बिघडल्याने गाडी सहसा ओढत नाही, तुमच्या बाबतीत हेच झालं.

आता ‘नियमित’ म्हणजे किती, ते बघू. माझं मत असं की नियमित करायचं ते मोजणं. प्रत्येक वेळी टाय रॉड फिरवलाच पाहिजे असं नाही. मोजल्यावर सगळं मर्यादेत असेल तर हात न लावता गाडी खाली उतरवणारा माणूस चांगला, त्याला मोजणीचे पैसे आनंदाने द्या. रोज शहरात आणि बऱ्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला १० हजार किमीला एकदा पुरतं. कोकणात, उसाच्या पट्ट्यात, काम चालू असलेल्या रस्त्यांवर पळणाऱ्या गाडीला ५ ते ७ हजार. आणि किमीची वाट न बघता करायची वेळ म्हणजे जोरात खड्डा किंवा दुभाजक लागला, सस्पेन्शनचा भाग बदलला, नवे टायर घातले, किंवा स्टेअरिंग पूर्वीपेक्षा वाकडं वाटायला लागलं.

काहीच आपटलं नाही तरी मोजायचं कशाला, असंही लोक विचारतात. लोअर आर्मचे बुश रबराचे असतात. ते वर्षानुवर्षं दबून मऊ पडतात, फाटतात. टाय रॉड एंडमध्ये खेळ येतो. रॅम्पवर उभ्या गाडीत कोन बरोबर दिसतात, पण ब्रेक मारला की ढिल्या बुशवर चाक मागे सरकतं आणि टो बदलतो. म्हणून अलाइनमेंटच्या आधी ढिलेपणा तपासलाच पाहिजे. चाक जॅकवर उचलून डावी-उजवी कड धरून हलवायचं. खटखट आली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. बुशला पहार लावून बघायचं. हे न करता थेट यंत्रावर घेणाऱ्याने तुमच्या पैशाचा कागद छापला, एवढंच. ढिल्या जोडावर केलेलं अलाइनमेंट दुकानाच्या बाहेरच्या स्पीडब्रेकरपर्यंत टिकतं.

थ्रीडी यंत्र असणं चांगलंच. चाकांवर लावलेल्या खुणांच्या पाट्या समोरचे कॅमेरे बघतात, गाडी थोडी मागे-पुढे ढकलून रिमचा वाकडेपणा वजा केला जातो आणि चारही चाकं एकत्र मोजली जातात. पण यंत्र तेवढंच हुशार जेवढा ते चालवणारा. मॉडेल निवडताना चुकीचं साल किंवा चुकीचा प्रकार निवडला तर बरोबर असलेलं चाकसुद्धा लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, दिसतं. रिपोर्ट घेताना तुमच्या गाडीचं नाव आणि साल त्यावर बघून घ्या. आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे छापून मागा. आणखी एक बारीक गोष्ट. काही यंत्रं अंश-कला (एका अंशाच्या ६० कला) दाखवतात, काही दशांश. ०° ३०' म्हणजे अर्धा अंश, पण दशांशात ०.३० म्हणजे फक्त १८ कला. दोन दुकानांचे कागद शेजारी ठेवून ‘याने बिघडवलं’ म्हणून भांडायला आलेले लोक मी पाहिलेत. भांडण एककाचं होतं.

रॅम्पवर गाडी चढवताना हवा चारही टायरमध्ये कंपनीच्या आकड्याएवढी हवी, डिकीत सिमेंटची पोती नकोत. सीएनजीची टाकी मात्र राहू द्या, ती रोजच असते. स्टेअरिंग सरळ ठेवून क्लॅम्प लावला पाहिजे. टो सोडवताना, म्हणजे जुळवताना, प्रत्येक बाजूचा टाय रॉड त्या चाकाच्या आकड्याप्रमाणे फिरवायला हवा. काही जण एकाच बाजूचा फिरवून आकडा जुळवतात आणि स्टेअरिंग वाकडं आलं की स्टेअरिंगच काढून एक-दोन दाते सरकवून बसवतात. एअरबॅगच्या गाडीत हे करू देऊ नका. स्टेअरिंगखाली एअरबॅगची गुंडाळलेली वायर असते, तिचा मध्य चुकला तर ती तुटू शकते. ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत स्टेअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो, अलाइनमेंटनंतर गरज पडल्यास स्कॅनरने त्याचा शून्य पुन्हा ठरवावा लागतो, नाहीतर मीटरवर दिवा लागून बसतो. काचेमागे कॅमेरा असलेल्या, लेन धरून चालणाऱ्या नव्या गाड्यांत तर कंपनीच्या पद्धतीने कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही लागू शकतं. अशी गाडी कोपऱ्यावरच्या दुकानात नेण्याआधी विचारून घ्या.

आता ज्या विषयावर सगळ्यात जास्त पैसे उकळले जातात, तो कॅम्बर. स्विफ्ट, बलेनो, वॅगनआर, टियागो, आय-२० या गाड्यांत पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध टॉर्शन बीम. यात कारखान्याने सोडवायला दिलेला कोन मुख्यतः एकच, पुढचा टो. कॅम्बर सोडवायला वेगळा बोल्ट नसतो. स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या बोल्टच्या भोकात जेवढी मोकळीक असेल तेवढंच किंचित हलवता येतं. मागच्या चाकांचा टो-कॅम्बर तर जसा आहे तसाच. तरीही मागची चाकं मोजावीत, कारण मागचा बीम तिरका बसला असेल तर गाडी थोडी तिरपी चालते आणि पुढचं कितीही नीट केलं तरी स्टेअरिंग वाकडं राहतं. पण ‘चारही चाकांचं अलाइनमेंट केलं’ म्हणून मागच्याचे वेगळे पैसे लावले असतील, तर मागे नेमकं काय फिरवलं ते विचारा. एक्सयूव्ही ७०० सारख्या मागे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीचं वेगळं, तिथे मागचंही सोडवता येतं आणि आधी मागचंच करावं लागतं. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनरमध्ये पुढच्या लोअर आर्मला कॅमचे बोल्ट असतात, तिथे कॅम्बर-कॅस्टर रीतसर बदलता येतो.

हॅचबॅकमध्ये ‘कॅम्बर आउट आहे साहेब, एका चाकाचे एवढे’ असं म्हणून साखळी आणि हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट किंवा नकल दाबून वाकवायची पद्धत सर्रास चालते. मी ते करत नाही. कॅम्बर मर्यादेबाहेर गेलाय म्हणजे काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा सरकलंय. स्ट्रट, नकल, आर्म, कधी इंजिनखालची सबफ्रेम बोल्टवर थोडी हललेली. ते शोधा, तो भाग बदला किंवा जागेवर बसवा. आधीच वाकलेला भाग उलटा वाकवून आकडा हिरवा करता येतो, पण त्या लोखंडावर मग तुम्ही १०० ने वळण घेणार असता. आणि मर्यादेच्या आत असलेला पण मधोमध नसलेला आकडा दाखवून कुणी घाबरवत असेल तर रॅम्पवरून गाडी उतरवा. डावा-उजवा साधारण सारखा आणि मर्यादेत, एवढं पुरे.

मायलेज वाढतं का, हे सगळे विचारतात. टो खूप बिघडलेला असेल तर थोडं वाढेल. पण त्यासाठी अलाइनमेंट करू नका, त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी हवा बघा. हिशेब टायरचा करा. छोट्या गाडीचं अलाइनमेंट काहीशे रुपयांत होतं, टायरची एक जोडी कित्येक हजारांत जाते आणि नीट सांभाळलेली जोडी ४० हजार किमी सहज काढते. तुमची २२ हजारात गेली. शिवाय एका बाजूने झिजलेला टायर घेऊन कंपनीकडे वॉरंटी मागायला गेलात तर अलाइनमेंटचं कारण दाखवून परत पाठवतात, आणि तिथे त्यांचं बरोबर असतं.

तुमच्या बलेनोला आता काय करायचं ते क्रमाने. तार दिसणाऱ्या टायरवर गाडी लांब नेऊ नका, स्टेपनी चांगली असेल तर निदान एक चाक बदला आणि जवळच्या दुकानात जा. नवे टायर घालायच्या आधी दोन्ही लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड तपासून घ्या. डावा आर्म नवा आहे, उजवा साडेचार वर्षांचा, त्याचा बुश जास्त बारकाईने बघायला सांगा. डावा स्ट्रटही बघा. ज्या खड्ड्याने आर्म गेला त्याने स्ट्रट वाकवला असण्याची शक्यता आहे, आणि ते डाव्या-उजव्या कॅम्बरच्या फरकातून कागदावर दिसेल. दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे घाला आणि सध्याचे मागचे पुढे आणा. पुढे नवे घालायची आपल्याकडे रीत आहे, पण पावसात मागचे टायर आधी सुटले तर गाडी फिरते आणि ती सावरणं बहुतेकांना जमत नाही. मग अलाइनमेंट, दोन्ही टाय रॉड सोडवून, स्टेअरिंग मधोमध. दुकानदाराला बरोबर घेऊन एक फेरी मारा. हजारेक किमी झाल्यावर पुढच्या टायरवर हात फिरवा. कुठेच टोचलं नाही तर पुढची मोजणी १० हजारांनी.